स्टीफन हॉपकिन्सचं घर: एका वसाहतकऱ्याच्या संसाराचं प्रकरण

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला निघालेल्या १०२ प्रवाशांत बहुतेकांनी तो किनारा कधीच पाहिलेला नव्हता. स्टीफन हॉपकिन्स मात्र याआधी जाऊन आलेला होता. जहाज फुटून एका ओसाड बेटावर अडकला होता, तिथे बंडखोरीच्या आरोपाखाली त्याला मरणाची शिक्षा झाली होती आणि माफीही मिळाली होती. पुढे याच प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीत तो गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात बसला, त्याच काळात मारामारीसाठी दंड भरला, बायको आणि लेकरांसह मोठा संसार उभा केला आणि १६४४ साली मृत्युपत्र करून गेला.

त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण वादळ आणि बंडाशी थांबतात. मला या प्रकरणात जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याचं घर. ते कशाच्या जोरावर उभं राहिलं, त्यात कोणाला थारा मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, हे कागदपत्रांतून बऱ्यापैकी दिसतं. एका साध्या वसाहतकऱ्याच्या घरात इतकं आतपर्यंत डोकावायला मिळणं दुर्मीळ आहे.

हर्सलीतली मेरी

हॉपकिन्सचा बाप्तिस्मा १५८१ सालचा, इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या अपर क्लॅटफर्ड गावचा. पुढे त्याच परगण्यातल्या हर्सली गावी त्याचा संसार होता. बायको मेरी आणि तीन मुलं: एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि गाइल्स. धाकटा गाइल्स १६०८ च्या जानेवारीतला. तो दीड वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा, जून १६०९ मध्ये, बाप सी व्हेंचर जहाजावर चढला. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला नव्या माणसांची आणि धान्याची कुमक न्यायला निघालेल्या ताफ्याचं ते मुख्य जहाज. हॉपकिन्स त्यावर पाद्री रिचर्ड बक यांचा कारकून होता. रविवारच्या प्रार्थनेत स्तोत्रं वाचणं हे त्याचं काम.

मेरीच्या वाट्याला काय आलं ते एका ओळीत सांगता येतं, आणि म्हणूनच ते वाचवत नाही. नवरा निघून गेल्यावर चार वर्षांनी, मे १६१३ मध्ये, ती हर्सलीत वारली. मुलं लहान म्हणून तिच्या किडुकमिडुक मिळकतीचा कारभार दुसऱ्यांकडे सोपवला गेला. नवरा तेव्हा तिथे नव्हता. थोरली एलिझाबेथ त्या कागदात शेवटची दिसते, पुढे अमेरिकेला निघालेल्या कुटुंबात ती नाही. वसाहतींचा इतिहास जहाजात चढलेल्यांचा म्हणून सांगितला जातो. मागे राहिलेल्या बायकांनी चार-चार वर्षं चूल कशी पेटती ठेवली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

बर्म्यूडातलं बंड

२४ जुलै १६०९ ला सी व्हेंचर चक्रीवादळात सापडलं. चार दिवस माणसं पाळीपाळीने पाणी उपसत होती. शेवटी जहाज बर्म्यूडाच्या खडकांत रुतून बसलं. सुमारे दीडशे माणसं होती, सगळी जिवंत किनाऱ्याला लागली. बेटावर रानडुकरं, मासे, कासवं, पक्षी मुबलक. जेम्सटाउनला पोचायला नवी गलबतं बांधायची, असा गव्हर्नर सर थॉमस गेट्सचा हुकूम होता. अनेकांना मात्र वाटत होतं की पोटभर मिळतंय तिथून उठून उपासमारीत कशाला जायचं?

जानेवारी १६१० मध्ये हॉपकिन्सने दोन सोबत्यांजवळ मत बोलून दाखवलं. गव्हर्नरची सनद व्हर्जिनियापुरती आहे. जहाज फुटलं तेव्हाच तिचा अंमल संपला, आता प्रत्येक जण आपापला मुखत्यार. सोबत्यांनी ते वर पोचवलं. हॉपकिन्सला हातकड्या घालून सगळ्यांसमोर उभं केलं आणि मृत्युदंड सुनावला.

त्याच जहाजावरच्या विल्यम स्ट्रेचीने हे टिपून ठेवलं आहे. हॉपकिन्स रडला, पश्चात्ताप दाखवला आणि माझ्यामागे बायको-मुलांची धूळधाण होईल अशी गयावया केली. कप्तान न्यूपोर्ट आणि स्वतः स्ट्रेची यांनी त्याच्यासाठी रदबदली केली, गव्हर्नर विरघळला, माफी मिळाली. म्हणजे त्याला जीवदान मिळालं ते हर्सलीतल्या मेरीच्या आणि तीन लेकरांच्या नावावर. हा धागा लक्षात ठेवावा, कारण तीस वर्षांनी तो वेगळ्या जागी पुन्हा सापडतो.

मे १६१० मध्ये बर्म्यूडात बांधलेली दोन गलबतं जेम्सटाउनला लागली. तिथे उपासमारीच्या हिवाळ्यातून जेमतेम साठ माणसं उरली होती. १६१७ पर्यंत हॉपकिन्स इंग्लंडला परतला होता.

बिजवराचा संसार

फेब्रुवारी १६१८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये त्याने एलिझाबेथ फिशरशी दुसरं लग्न केलं. पहिल्या घरची कॉन्स्टन्स आणि गाइल्स त्याच्याजवळ होतीच. लवकरच डॅमारिस ही मुलगी झाली. आणि १६२० च्या सप्टेंबरात हे घर पुन्हा समुद्रावर निघालं. नवरा-बायको, चौदा वर्षांची कॉन्स्टन्स, बारा वर्षांचा गाइल्स, दोन वर्षांच्या आसपासची डॅमारिस, शिवाय एडवर्ड डोटी आणि एडवर्ड लीस्टर हे दोन करारबद्ध नोकर. एलिझाबेथ गरोदर होती आणि दिवस भरत आले होते. ६६ दिवसांच्या त्या प्रवासात, गर्दीच्या आणि कोंदट मधल्या डेकवर तिला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं ओशियानस.

किनारा दिसला तो ठरल्या जागेपेक्षा उत्तरेला. सनद दुसरीकडची, म्हणजे बर्म्यूडाचाच पेच पुन्हा उभा. काही प्रवासी उघड बोलू लागले की इथे आमच्यावर हुकूम चालवायचा अधिकार कोणालाच नाही. त्यांत हॉपकिन्स होता की नाही याचा पुरावा नाही, पण हा मुद्दा त्याच्याइतका अंगावर झेललेला दुसरा माणूस त्या जहाजावर नव्हता. उतारा म्हणून नोव्हेंबरात जो करारनामा झाला त्यावर ४१ पुरुषांची नावं आहेत. हॉपकिन्सचं आहे, आणि त्याच्या दोन्ही नोकरांचंही. बायकांपैकी एकीचंही नाही.

पहिली दोन वर्षं

हॉपकिन्सला या मुलखाची थोडी जाण होती, आणि वसाहतीला तिचा लगेच उपयोग झाला. केप कॉडच्या रानात शोध घेताना एक कोवळं झाड कमानीसारखं वाकवलेलं आणि खाली एकोर्न, म्हणजे ओकची फळं, पसरलेली दिसली. हा हरणाचा फास आहे, असं हॉपकिन्सने सांगितलं. मागून येणारा विल्यम ब्रॅडफर्ड, पुढचा गव्हर्नर, बघायला जवळ गेला आणि त्याचाच पाय त्यात अडकून वर खेचला गेला.

ज्या जागी त्यांनी घरं बांधली ती मोकळी पडीक जमीन नव्हती. ते पटक्सेट, मूळ रहिवासी वाम्पनोअग लोकांचं नांदतं गाव. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते पुसलं गेलं. वसाहतकऱ्यांना आयती साफ केलेली शेतं मिळाली, ती त्या मेलेल्या गावाची.

पहिल्या हिवाळ्यात जहाजातली जवळजवळ निम्मी माणसं गेली. जहाजावर अठरा विवाहित बायका होत्या, वर्षाच्या अखेरीस चार उरल्या. त्या चारांत एलिझाबेथ हॉपकिन्स होती, तीही अंगावर पिणारं मूल घेऊन. तिच्या घरातलं त्या हिवाळ्यात कोणीच गेलं नाही. हे नशीब की निगा, सांगणं कठीण. पण श्रेय वाटायचंच असेल तर तिचा वाटा मोठा असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मार्च १६२१ मध्ये सॅमोसेट हा मूळ रहिवासी थेट वस्तीत चालत आला आणि इंग्रजीत बोलला. त्याला रात्री हॉपकिन्सच्या घरी झोपवलं. परका पाहुणा, पाळतीवर शेजारी, घरात चार मुलं.

जुलैत हॉपकिन्स आणि एडवर्ड विन्स्लो, इंग्रजी बोलणाऱ्या पटक्सेटच्या टिस्क्वांटमला वाटाड्या घेऊन, वाम्पनोअग प्रमुख मॅसासॉइटला भेटायला पोकानोकेटला गेले. सोबत तांबड्या कापडाचा स्वाराचा कोट आणि तांब्याची साखळी भेट म्हणून नेली. मॅसासॉइटच्या घरी त्या दिवशी खायला काही नव्हतं. झोपायला फळ्यांचं, वर पातळ चटई टाकलेलं एकच अंथरूण. एका टोकाला मॅसासॉइट आणि त्याची बायको, दुसऱ्या टोकाला हे दोघे. वर आणखी दोन मानकरी शेजारी दाटीवाटीने आडवे झाले. उवा, पिसवा, डास, आणि स्वतःला झोप लागावी म्हणून गाणी म्हणणारे यजमान. दुसऱ्या दिवशी दोन मोठे मासे शिजवले, खायला चाळीस तोंडं. यजमानाने होतं ते सगळं पुढे केलं होतं. वसाहतीच्या पुढच्या काही वर्षांची शांतता अशा भेटींवर उभी आहे.

त्याआधीच्याच महिन्यात, जूनमध्ये, डोटी आणि लीस्टर या दोन नोकरांनी आपसात तलवार-खंजिराचं द्वंद्व केलं, दोघेही जखमी झाले. मान आणि टाचा एकत्र बांधून दिवसभर उपाशी ठेवायचं, अशी शिक्षा झाली. तासाभरातच ते विव्हळायला लागले. त्यांनी आणि त्यांच्या मालकाने हात जोडले, आणि त्यांना सोडलं. रदबदलीने वाचलेला माणूस इथे आपल्या नोकरांसाठी रदबदली करतो.

अर्धलीची जनावरं

मार्च १६२४ मध्ये प्लिमथला पहिली गुरं आली, तीन कालवडी आणि एक बैल. तोवर दूध होतं ते शेळ्यांचं. मे १६२७ मध्ये गुरांची वाटणी झाली. १५६ माणसांचे बारा गट, गटात तेरा जण. सातव्या गटाचा मुख्य हॉपकिन्स. त्यात बायको, गाइल्स, कॉन्स्टन्स आणि तिचा नवरा निकोलस स्नो, नवी मुलं केलब आणि डेबोरा, शिवाय पामर आणि बिलिंग्टन घरची माणसं. यादीत ओशियानस नाही, डॅमारिस नाही. दोघंही तोवर गेली होती. पुढे झालेल्या एका मुलीचं नाव पुन्हा डॅमारिस ठेवलं.

या तेरा जणांच्या वाट्याला आलं ते एक काळं, नुकतं दूध तोडलेलं वासरू आणि दोन शेळ्या. कमी पडतं म्हणून दुसऱ्या गटाच्या काळ्या गाईला त्या साली होणारं वासरूही जोडून दिलं. तो गोऱ्हा निघाला तर पाच वर्षं खच्ची न करता सगळ्या गावासाठी वळू म्हणून ठेवायचा, मग काय ते करा, अशी अट. आणि वाढीचा निम्मा हिस्सा सामाईक भांडवलाचा. आपल्याकडे जनावर अर्धलीनं देतात तोच व्यवहार. तेरा माणसांना अद्याप जन्मालाही न आलेलं वासरू वाटून दिलं जातं, इतकी ती वसाहत तेव्हा गरीब होती.

कोर्टाच्या वहीतला हॉपकिन्स

१६३३ ते १६३६ हॉपकिन्स गव्हर्नरचा असिस्टंट होता, म्हणजे सल्लागार आणि न्यायाधीशही. त्याच पदावर असताना १६३६ मध्ये त्याने जॉन टिसडेलला गंभीर जखमी केलं. दंड ५ पौंड, शिवाय टिसडेलला ४० शिलिंग. ज्याने शांतता राखायची त्यानेच ती मोडली, असं कोर्टाने स्पष्ट नोंदवलं.

त्याचं घर म्हणजे गुत्ताही होता. १६३७ मध्ये आरोप आले: रविवारी प्रार्थना संपायच्या आत घरात माणसं पीत बसू दिली, नोकरचाकर आणि इतर शोव्हलबोर्ड (टेबलावर नाणी सरकवण्याचा खेळ) खेळत होते. १६३८ मध्ये आरोप आला की एका पेनीची बिअर दोन पेनीला विकली. १६३९ मध्ये एक आरसा १६ पेन्सला विकला, तसाच आरसा शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत ९ पेन्सला मिळत होता. हे सगळं वाचून त्याला लबाड दुकानदार ठरवणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या गावात अति नफा हा गुन्हा होता तिथे एका माणसाला शेती, गुरं, गुत्ता, किरकोळ विक्री असं सगळं मिळून घर वर काढायचं होतं. तोवर घरात पाच-सहा मुलं होती. हात कुठेकुठे पोचले याचा हा हिशेब आहे.

याच काळात गुरं इतकी वाढली की १६३८ मध्ये कोर्टाने त्याला मॅटाचीजला, म्हणजे पुढच्या यारमथला, घर बांधायची आणि गुरांच्या हिवाळ्यासाठी गवत कापायची परवानगी दिली. अट एवढीच की प्लिमथ सोडायचं नाही. ते घर पुढे गाइल्सच्या उपयोगी पडलं.

डोरोथी टेंपल

आणि आता या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा.

डोरोथी टेंपल ही हॉपकिन्सच्या घरची करारबद्ध मोलकरीण. १६३८ मध्ये ती गरोदर होती. मूल आर्थर पीच नावाच्या तरुणाचं. पीच पीक्वट युद्धात, म्हणजे इंग्रज आणि मूळ रहिवासी पीक्वट यांच्या लढाईत, लढून आलेला, कर्जात बुडालेला आणि पळून जायच्या बेतात असलेला. त्याने तीन साथीदार जमवले आणि वाटेत पेनोवन्यानक्विस नावाच्या, मूळ रहिवाशांपैकी निपमक जमातीच्या एका माणसाला तंबाखू ओढायला बसवून भोसकलं, त्याच्याजवळचं कापड आणि वाम्पम, म्हणजे पैशासारखे चालणारे शिंपल्यांचे मणी, लुटलं. जखमी माणूस मरण्याआधी सगळं सांगून गेला. प्लिमथच्या ज्यूरीने दोषी ठरवलं आणि सप्टेंबर १६३८ मध्ये पीच आणि दोघांना फाशी झाली, चौथा निसटला.

डोरोथी उरली. बाळाचा बाप फासावर गेलेला, करार दोन वर्षांहून जास्त शिल्लक. हॉपकिन्सने तिला आणि बाळाला ठेवायला नकार दिला. फेब्रुवारी १६३९ मध्ये कोर्टाने निकाल दिला की करार आहे तोवर तिची आणि मुलाची जबाबदारी मालकाची, वसाहतीवर भार टाकता येणार नाही. तरी हॉपकिन्स हटला नाही. अवमानाबद्दल त्याला कोठडीत घातलं. तिला घरात घे नाहीतर दुसरी सोय कर, तोवर सुटका नाही. चार दिवसांनी जॉन होम्सने ३ पौंड घेऊन डोरोथीचा उरलेला करार आणि मूल दोन्ही आपल्याकडे घेतलं. तीन वर्षांपूर्वी हॉपकिन्सने मारामारीसाठी भरलेला दंड याहून मोठा होता.

जूनमध्ये डोरोथीला शिक्षा झाली: अनौरस मुलगा झाला म्हणून दोनदा फटके. पहिल्याच वेळी ती बेशुद्ध पडली, म्हणून दुसरी वेळ आली नाही. वहीत तिच्याबद्दल एवढंच.

हॉपकिन्सची बाजू मांडायची तर मांडता येते. कोर्टात सततचे आरोप, गुत्त्यावर ठपका, घरात वाढत्या मुली. फाशी गेलेल्या खुन्याचं मूल त्याच घरात वाढू देणं म्हणजे गावाच्या तोंडाला विषय. कष्ट करून घ्यायला आणलेली मोलकरीण बाळंतपणात आणि अंगावरच्या बाळापायी कामाला उणी पडणार, खाणारं तोंड एक वाढणार. हे सगळं खरं मानलं तरी मला त्याचा नकार पटत नाही. बर्म्यूडात गळ्याभोवती फास आला तेव्हा माझी बायको, माझी मुलं म्हणून जो रडला, त्याला या मुलीच्या बाळाचं काय होणार हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? आणि कोर्टाचं म्हणणं काही फार उदार नव्हतं. तू करार केलास तर करार पाळ, एवढंच. त्या करारावर हॉपकिन्ससारख्यांचे संसार उभे राहिले होते. डोटी आणि लीस्टरच्या वेळी तो मधे पडला तेव्हा त्या दोघांचे हातपाय धड राहणं त्याच्याही फायद्याचं होतं. डोरोथीच्या वेळी दयेला खर्च येत होता.

मॉटली, रेड कोल, स्मायकिन्स

६ जून १६४४ ला हॉपकिन्सने मृत्युपत्र केलं. आजारी होता, भान शाबूत होतं. पहिली इच्छा: मला माझ्या मयत बायकोच्या शक्य तितकं जवळ पुरा. साक्षीदार माइल्स स्टँडिश आणि विल्यम ब्रॅडफर्ड.

सतरा वर्षांपूर्वी ज्याला एक वासरू मिळालं होतं त्याची गुरं आता नावांनिशी वाटली जातात. डेबोराला रुंद शिंगांची काळी गाय आणि तिचं वासरू, शिवाय मॉटली नावाची निम्मी गाय. डॅमारिसला डॅमारिसची कालवड म्हणून ओळखली जाणारी गाय, पांढऱ्या तोंडाचं वासरू आणि मॉटलीचा उरलेला निम्मा हिस्सा. रूथला रेड कोल आणि तिचं वासरू, एक बैल आणि कुरळ्या केसांच्या गाईचा अर्धा वाटा. धाकट्या एलिझाबेथला स्मायकिन्स आणि तिचं वासरू, कुरळीचा दुसरा अर्धा, आणि यारमथला गाइल्सच्या राखणीत असलेली वर्षाची बांडी कालवड. गाइल्सला मोठा बैल, गाइल्सच्या मुलाला २० शिलिंग, कॉन्स्टन्सला घोडी. घर, जमीन आणि बैलजोडी केलबला.

शेपूट नसलेली कालवडसुद्धा विसरला नाही. ज्याच्या गोठ्यात गुरं आहेत त्याला कळेल, गाय अशी खुणेने आणि नावाने तोच सांगतो जो रोज तिच्या पाठीवरून हात फिरवतो.

घरातलं कापडचोपड, अंथरुणं, भांडी, कथिलाची ताटं चौघी मुलींना सारखी, आणि चार चांदीचे चमचे, प्रत्येकीला एक. आणखी एक कलम मला फार मोलाचं वाटतं. घर केलबचं असलं तरी माझ्या मुली बिनलग्नाच्या असतील तोवर त्यांना वाटेल तेव्हा या घरात येऊन वाटेल तितके दिवस राहता यावं. भावाच्या घरात बहिणींचा हक्क बापाने लिहून ठेवला. न लग्न झालेल्या मुलीला तो एक पक्का आसरा होता. डोरोथीला ज्या घरातून काढलं ते हेच.

१७ जुलैला मालमत्तेची मोजदाद झाली, म्हणजे त्याआधीच तो गेला होता.

पुढे

बापाने नीट बांधून दिलेलं पुढे तसंच राहिलं नाही. केलब खलाशी झाला आणि बार्बेडोसला वारला. डेबोरा आणि डॅमारिस यांची १६४६ मध्ये लग्नं झाली, अँड्र्यू रिंग आणि जेकब कुक यांच्याशी. रूथ अविवाहित गेली. पोरकी धाकटी एलिझाबेथ तिच्या वाट्याच्या गुरांसकट रिचर्ड स्पॅरोच्या घरी सांभाळायला दिली गेली. १६५९ मध्ये तिच्या गुरांचा हिशेब गाइल्सकडे लावताना कागदावर लिहिलं आहे की एलिझाबेथ परत न आल्यास. ती कुठे गेली होती याबद्दल एक अक्षर नाही.

वंश वाढला त्यात मोठा वाटा हर्सलीतल्या मेरीच्या दोन मुलांचा. १६५० च्या सुमारास ब्रॅडफर्डने जुन्या घरांची मोजणी लिहिली तेव्हा गाइल्सला चार मुलं होती आणि कॉन्स्टन्सला बारा, बाराही जिवंत. दोघं भावंडं केप कॉडवर नॉसेट लोकांच्या मुलखात वसलेल्या ईस्टहॅमला स्थायिक झाली. कॉन्स्टन्स १६७७ च्या ऑक्टोबरात वारली, निकोलस स्नो गेल्यावर वर्षभराच्या आत. गाइल्स तिच्यानंतर बारा-तेरा वर्षं जगला.